बिशपांचा किल्ला

तार्न नदीच्या उत्तर काठावरून पलीकडचं आल्बी पाहणाऱ्या माणसाला आधी किल्लाच दिसतो. सरळसोट वर गेलेल्या लाल भिंती, त्यांतून पुढे आलेले अर्धगोल बुरूज, हात पोचणार नाही अशा उंचीवर सुरू होणाऱ्या अरुंद खिडक्या आणि पश्चिमेच्या टोकाला ७८ मीटर उंचीचा दणकट मनोरा. महादरवाजा कुठल्या अंगाला असेल, चोरवाट कुठून निघत असेल, असा हिशेब मन आपोआप मांडू लागतं. गडकोट पाहत वाढलेल्या माणसाची ती खोडच असते. प्रत्यक्षात ते सेंट सेसिल हिच्या नावाचं कॅथिड्रल आहे. सेसिल ही संगीताची संत. तिच्या वाट्याला युरोपातली सर्वांत रागीट दिसणारी इमारत यावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

संपादकांनी यंदा 'नदीकाठची गावं' असा विषय दिला, तेव्हा कृष्णा-गोदेच्या घाटांवर लिहिणारे जाणते लोक अंकात असणारच, हे धरून मी दूरचं गाव मागून घेतलं. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजहून रेल्वेनं साधारण तासाभरात आल्बी येतं. वस्ती ५० हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाण. पण ११३ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद असं हे विटांचं कॅथिड्रल, शेजारचा बिशपांचा वाडा, मागची गल्लीबोळं आणि हजार वर्षांचा पूल, हे सगळं अर्ध्या तासात चालून होण्याजोग्या पट्ट्यात आहे. युनेस्कोनं २०१० साली हा पट्टा जागतिक वारसा ठरवला.

इतक्या छोट्या गावात एवढं अवाढव्य चर्च कशाला, याचं उत्तर शोधायला लागलं की नदी, माती, पैसा आणि धाक असे चार धागे हाती येतात. त्यांतला धाकाचा धागा मला सर्वांत जाड वाटला.

नदीनं दिलेली माती

आल्बीत सगळंच विटेचं आहे. चर्च विटेचं, वाडा विटेचा, घरं विटेची आणि १९व्या शतकातला नवा पूलही विटेचाच. इथे चांगला बांधकामाचा दगड लांबून आणावा लागे. तार्ननं काठावर आणून टाकलेली चिकणमाती मात्र हवी तितकी होती. त्या मातीची वीट आपल्या विटेहून निराळी. लांबी ४० सेंटिमीटरच्या थोडी वर, रुंदी त्याच्या दोनतृतीयांश, जाडी मात्र जेमतेम पाच. रोमन गवंड्यांपासून चालत आलेलं हे माप. विटेला वीट लागत नाही. मध्ये चुन्याचा जाड सांधा असतो, आणि जवळून पाहिलं तर काही ठिकाणी भिंतीत चुना जास्त की वीट, असा प्रश्न पडतो.

जवळून पाहण्यासारखं आणखी एक आहे. भिंतीवर ओळीनं चौकोनी भोकं दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बाण सोडण्याच्या जंग्या वाटतात. ती परांचीची भोकं आहेत. भिंत जशी वर चढे तशी लाकडी आडवे वासे भिंतीत घालत, त्यावर फळ्या टाकत, आणि गवंडी वरच्या थरावर जात. काम उरकल्यावर वासे काढून घेत, भोकं तशीच राहत. आता त्यांचा ताबा पारव्यांकडे आहे. खालून वरपर्यंत ती भोकं मोजत गेलं की काम किती टप्प्यांनी चढलं असेल, याचा अंदाज येतो.

दगडाच्या कामात घडवणारा पाथरवट महाग पडतो, आणि प्रत्येक चिरा आधी घडवून मगच वर न्यावा लागतो. विटेला ते लागत नाही. साच्यात पाडायची, वाळवायची, भाजायची आणि एका गड्याच्या डोक्यावरून वर पाठवायची. शिवाय विटेवर नक्षी होत नाही. उत्तर फ्रान्समध्ये त्याच काळात दगडी जाळ्या, बाहेरून टेकू देणाऱ्या उडत्या कमानी आणि दारांवर मूर्तींची गर्दी असलेली कॅथिड्रलं उभी राहत होती. आल्बीच्या बांधणाऱ्यांनी यातलं काही घेतलं नाही. भिंतीला जे टेकू लागतात ते त्यांनी आत घेतले. दोन टेकूंच्या मधल्या जागेत छोटी प्रार्थनाघरं बसवली, आणि टेकूंचं बाहेरचं टोक गोल करून ठेवलं. आपल्याला बाहेरून जे बुरूज वाटतात ते हेच. रचनेच्या दृष्टीनं ही फार हुशार गोष्ट आहे. आत मध्ये एकही खांब न ठेवता १९ मीटर रुंदीचा आणि ३० मीटर उंचीचा एकसंध दालनपट्टा मिळतो. शेवटच्या बाकावरच्या माणसालाही व्यासपीठावरचा प्रवचनकार दिसतो आणि ऐकू येतो.

आणि नेमकं तेच हवं होतं. या भागातल्या लोकांना प्रवचन ऐकवण्याची तेव्हा फार निकड निर्माण झाली होती.

गावाच्या नावावर लागलेलं पाखंड

१२व्या शतकात दक्षिण फ्रान्सच्या या लांगदॉक प्रांतात एक वेगळाच ख्रिस्ती पंथ रुजला. आज त्यांना कॅथार म्हणतात. ते स्वतःला नुसते 'चांगले ख्रिस्ती' म्हणवत. त्यांच्या मते दृश्य जग, शरीर, मांस, संपत्ती ही सगळी वाईट शक्तीची निर्मिती. आत्मा तेवढा देवाचा, आणि तो शरीरात अडकून पडलेला. सुटका होईपर्यंत तो एका देहातून दुसऱ्या देहात जात राहतो, असंही ते मानत. त्यांच्यातले दीक्षित स्त्रीपुरुष मांस, अंडी, दूध वर्ज्य करत, ब्रह्मचर्य पाळत, शपथ घेत नसत. सामान्य अनुयायांवर यातलं काहीच बंधन नव्हतं. मरणाच्या आधी दीक्षा मिळाली की पुरे. रोमच्या चर्चचे दशमांश कर, जमिनी आणि सोन्याची भांडी यांच्याशी या साध्या माणसांची तुलना लोक करत, आणि त्या तुलनेत चर्च हरत असे.

११६५ साली आल्बीजवळच्या लाँबेर गावी बिशप आणि या पंथाचे लोक यांचा जाहीर वाद झाला. त्यानंतर हळूहळू सगळ्या पंथालाच 'आल्बीवाले' असं नाव पडलं. हे आल्बीवर थोडं अन्यायाचंच. तुलूज, कार्कासोन आणि आसपासच्या खेड्यांत या पंथाचं बळ कितीतरी जास्त होतं.

१२०८ साली पोपच्या प्रतिनिधीचा खून झाला आणि तिसऱ्या इनोसंट पोपनं ख्रिस्ती प्रदेशाविरुद्धच धर्मयुद्ध पुकारलं. १२०९च्या जुलैत बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली. आल्बीनं मात्र धर्मयुद्धाचा सेनानी सिमाँ द माँफोर याच्या फौजेला निमूट दरवाजे उघडले. २० वर्षं चाललेल्या या युद्धाचं नाव आल्बीजाँ धर्मयुद्ध, पण ज्या गावाच्या नावानं ते ओळखलं जातं त्या गावात लढाई झालीच नाही. युद्ध १२२९ साली संपलं, प्रांत फ्रेंच राजाच्या ताब्यात गेला. पंथ संपला नाही. तो घरांत, तळघरांत, कुटुंबांच्या आठवणीत शिल्लक राहिला. तिथपर्यंत फौज पोचत नाही. म्हणून १२३३ साली पोपनं पाखंडाच्या चौकशीचं, म्हणजे इन्क्विझिशनचं, काम डॉमिनिकन साधूंच्या हाती दिलं.

इन्क्विझिशन हा शब्द मराठी वाचकाला गोव्यामुळे ठाऊक आहे. गोव्यात ते १५६० साली पोर्तुगिजांनी आणलं आणि १८१२ साली कायमचं बंद झालं. पण गुप्त साक्षी, आरोप करणाऱ्याचं नाव न सांगणं, मालमत्तेची जप्ती, मेलेल्यांवरही खटला, या सगळ्या कार्यपद्धतीची घडण झाली ती लांगदॉकच्या याच गावांमध्ये, गोव्याच्या सव्वातीनशे वर्षं आधी.

आल्बीत या चौकशीची सुरुवात कशी झाली याची हकिगत एका समकालीन डॉमिनिकन साधूनंच लिहून ठेवली आहे. १२३४च्या जूनमध्ये आर्नो काताला या चौकशी अधिकाऱ्यानं एका मृत स्त्रीला पाखंडी ठरवलं आणि तिचं प्रेत उकरून जाळण्याचा हुकूम दिला. बिशपच्या शिपायांनी हात लावायला नकार दिला. काताला स्वतः कुदळ घेऊन दफनभूमीत गेला, पहिले घाव घातले आणि बाकीचं काम शिपायांवर सोपवून निघाला. मागे गर्दीनं शिपायांना हुसकावून लावलं. तो परत आला तेव्हा लोकांनी त्याला धरलं, तोंडावर ठोसे मारले, कपडे फाडले आणि नदीकडे ओढत नेलं. याला तार्नमध्ये टाका, असा ओरडा चालला होता. काही जणांनी मध्ये पडून त्याला वाचवलं. सुटून चर्चमध्ये पोचल्याबरोबर त्यानं सबंध गावाला बहिष्कृत करून टाकलं.

आज त्या बाजूनं नदीकडे उतरताना पायऱ्या, गुलाबाची झुडपं आणि बाकडी लागतात. खालून पर्यटकांना फिरवणाऱ्या सपाट बुडाच्या होड्या सुटतात. पाणी मंद आणि हिरवट. उन्हाळ्यात एखाद्याला त्यात टाकलं तर तो चिडून पोहत परत येईल. मोठ्या पावसानंतर मात्र हीच तार्न वेगळी असते. १९३० सालच्या मार्चमधला तिचा पूर खालच्या गावांना अजून आठवतो.

कास्ताने नावाचा वकील

१२७६ साली बेर्नार द कास्ताने आल्बीचा बिशप झाला. पोपच्या दरबारात न्यायाधीश म्हणून घडलेला माणूस. कायद्याची जाण पक्की, आणि दयामायेशी फारसा परिचय नाही. बिशप हाच गावाचा मालकही होता. फौजदारी न्याय, दंड, जप्तीतला वाटा, हे सगळं त्याच्याकडे. गावातल्या धनिक व्यापाऱ्यांचं मंडळ यातला आपला हिस्सा मागत होतं. म्हणजे भांडण देवाधर्माचं होतं तसंच तिजोरीचंही होतं.

कास्तानेनं १२८२ साली नव्या कॅथिड्रलचा पाया घातला. स्वतःच्या आणि धर्मसभेच्या उत्पन्नातला विसावा हिस्सा २० वर्षं बांधकामाला द्यायचा, असं ठरवून घेतलं. शेजारी स्वतःचा वाडा तटबंद करायला घेतला. वाड्याची भिंत नदीकडून, चर्चची भिंत गावाकडून. बंड झालंच तर बिशपला कुठे दडायचं हा प्रश्न पडू नये, अशी ती मांडणी आहे. चर्चला दरवाजाही मुख्य मनोऱ्याखाली न ठेवता दक्षिणेच्या अंगाला ठेवला. आज तिथे जी नाजूक दगडी छत्री दिसते ती अडीचशे वर्षांनंतरची. कास्तानेच्या काळात दरवाजाभोवती नुसती भिंत होती.

अशी इमारत नुसती राखण करण्यासाठी बांधत नाहीत. खेड्यातून बाजाराला येणाऱ्या माणसाला ती कोसभर आधीपासून दिसत राहावी, हाही हेतू असतो. जिंकलेल्या पक्षाला आपण जिंकलो याची खात्री वाटत नसली की तो एवढ्या जाड भिंती बांधतो, असं मला तिथे उभं राहून वाटलं. तज्ज्ञ असंही सांगतात की कॅथारांनी चर्चच्या श्रीमंतीवर टीका केली, म्हणून विटेचा साधेपणा मुद्दाम स्वीकारला गेला. असेल. पण ३० मीटर उंचीचा साधेपणा कोणाला नम्र वाटला असेल, असं वाटत नाही.

१२९९-१३००च्या हिवाळ्यात कास्तानेनं गावातल्या दोन डझन प्रतिष्ठित माणसांवर पाखंडाचे खटले चालवले आणि त्यांना कार्कासोनच्या तुरुंगात पाठवलं. त्यांतले बरेच जण त्याच्याशी सत्तेवरून भांडणारे होते. बेर्नार देलिस्यो हा फ्रान्सिस्कन साधू या चौकशीविरुद्ध उघड उभा राहिला, राजापर्यंत तक्रार घेऊन गेला आणि कार्कासोनमधल्या कैद्यांना चौकशी अधिकाऱ्यांच्या तुरुंगातून हलवायला लावलं. १३०२ साली कास्ताने गावात परतला तेव्हा गर्दीनं त्याच्या नावानं शिमगा केला. शेवटी १३०८ साली पोपनं त्याची बदली ल पुईला केली. शिक्षा म्हणावी तर पुढे तो कार्डिनल झाला. देलिस्योला १३१९ साली जन्मठेप झाली आणि वर्षभरात तो तुरुंगात वारला.

कास्तानेनं सुरू केलेल्या भिंती पुरत्या उभ्या राहायला सुमारे १०० वर्षं लागली. तोपर्यंत कॅथार उरलेच नव्हते.

न्यायाधीश नसलेला न्यायनिवाडा

बाहेरची इमारत पाहून आत शिरणाऱ्याला धक्का बसतो. आत वीट कुठेच दिसत नाही. जमिनीपासून छतापर्यंत रंग. भिंतींवर भौमितिक चौकटी, छतावर निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी वेलबुट्टी. हे छत १५०९ ते १५१२ या काळात बोलोन्या आणि आसपासच्या इटालियन चित्रकारांनी रंगवलं. मान दुखेपर्यंत पाहावं असं. १५व्या शतकाच्या शेवटी आल्बीला आंबोआझ घराण्यातले बिशप मिळाले. दरबारी वळणाची, शौकीन माणसं. धाक दाखवण्याचं काम बाहेरच्या भिंती करतच होत्या. यांनी आतली बाजू सजवली. १४८० साली चर्चचा अभिषेक झाला तो यांच्याच हातून.

पण पश्चिमेच्या भिंतीपाशी जुना धाक पुन्हा समोर येतो. ऑर्गनच्या खाली, मनोऱ्याच्या दोन प्रचंड गोल खांबांवर रंगवलेलं अंतिम न्यायनिवाड्याचं चित्र आहे. १५व्या शतकाच्या अखेरचं. वर देवदूत, त्याखाली पांढऱ्या वस्त्रांतले प्रेषित, मग संत आणि राजे. त्यांच्या खाली थडग्यांतून उठलेली नागडी माणसं. प्रत्येकाच्या छातीवर उघडं पुस्तक टांगलेलं. त्यात त्याच्या आयुष्याचा जमाखर्च लिहिला आहे. ती माणसं मान वर करून, हात जोडून उभी आहेत. उजव्या अंगाच्या पापी लोकांची पुस्तकंही उघडीच आहेत, फक्त त्यांच्या चेहऱ्यांवरून हिशेब काय लागला ते कळतं.

सर्वांत खाली नरक. महापापांना वेगवेगळ्या कोठड्या, आणि प्रत्येकीखाली जुन्या फ्रेंचमध्ये मजकूर. गर्विष्ठ लोक चाकांना बांधून फिरवलेले. मत्सरी माणसं बर्फाच्या पाण्यात. लोभी उकळत्या कढयांत. खादाडांसमोर मेज मांडलेलं, पंगत बसलेली, आणि राक्षस त्यांच्या तोंडात बेडूक कोंबताहेत. या शेवटच्या चौकटीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. चित्रकारानं मेजावरचा कपडासुद्धा नीट घडीसकट रंगवला आहे. वाढप्यांना आपलं काम मनापासून आवडतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. निरक्षर शेतकऱ्यालाही दर रविवारी दाराकडे वळताना हे पाहावं लागे.

पाहताना लक्षात येतं की सातपैकी सहाच पापं आहेत. आळस नाही. आणि मधोमध, जिथे न्याय देणारा ख्रिस्त बसलेला असायला हवा, तिथे कमानीचं भगदाड आहे. १६९३ साली एका आर्चबिशपला मनोऱ्याच्या पोटात नवं प्रार्थनाघर हवं झालं. त्यासाठी चित्राच्या मध्यातून वाट फोडली. त्यात न्यायाधीश गेला आणि आळशी लोकही सुटले. आरोपी आहेत, पुरावे गळ्यात आहेत, शिक्षा चालू आहेत, आणि निकाल देणारी खुर्ची रिकामी आहे. चौकशी अधिकाऱ्यांच्या या गावात याहून नेमकं चित्र कोणी मुद्दाम काढलं नसतं.

दुसऱ्या टोकाला दगडी जाळीचा पडदा आहे. मऊ चुनखडीत इतकं बारीक कोरीवकाम की हात लावायची भीती वाटावी. या पडद्यानं चर्चचे दोन भाग केले, एक धर्मगुरूंचा आणि एक रयतेचा. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे सामान्य माणूस फिरे, तिथे जुन्या करारातली माणसं आहेत. यिर्मया, यशया, एस्तेर, आणि भरजरी झग्यातली यूदिथ, जिच्यासमोर सगळे फोटो काढतात. आतल्या अंगाला नव्या करारातले प्रेषित आणि देवदूत. म्हणजे बाहेरच्यांनी तारणाऱ्याची वाट पाहायची, आतल्यांना तो भेटलेला आहे. अशी वाटणी दगडात कोरून ठेवली आहे. मूर्तींवरचा मूळ रंग बराच शाबूत आहे. राज्यक्रांतीच्या काळात पडद्याच्या दर्शनी भागावरच्या बऱ्याच मूर्ती गेल्या. सगळा पडदाच पाडायचं घाटत होतं. मारिएस नावाच्या एका सरकारी अभियंत्यानं मंत्र्यांना पत्र लिहून ते थांबवलं. त्या एका पत्रानं वाचवलं ते नंतरच्या पिढ्यांना कुठल्याही पैशानं पुन्हा घडवता आलं नसतं.

निळ्याचा पैसा आणि गोव्याची गलबतं

आंबोआझ बिशपांच्या काळात गावात पैसाही खेळत होता, आणि तो निळा होता. या टापूत पास्तेल नावाची रोपटी होत. पिवळ्या फुलांची, मोहरीच्या कुळातली. रंग फुलांत नसतो, पानांत असतो. पानं खुडायची, जनावरानं फिरवलेल्या दगडी चाकाखाली चेचायची, लगदा मुरू द्यायचा आणि मुठीएवढे गोळे वळून वाळत घालायचे. चिंचेचे गोळे वळून ठेवतात तसे. पुढे ते फोडून, भिजवून पुन्हा महिनोन्‌महिने आंबवायचे, की काळपट दाणेदार रंगद्रव्य तयार. पोती भरून ते बोर्दोला जाई आणि तिथून इंग्लंड, फ्लँडर्स, स्पेनला.

गावातल्या एका दुकानात अजून या रंगाची पिंपं ठेवली आहेत. दुकानदारीणबाईंनी पांढरा रुमाल बुडवून काढला तेव्हा तो पिवळट हिरवा होता. बाहेर हवेत धरला आणि बघता बघता कडेकडून निळा होत गेला. जुन्या काळी हे पिंप आंबवायला माणसांचं मूत्र वापरत. रंगाऱ्यांच्या गल्लीत वास कसा असेल, हे बाईंनी नाक दाबून दाखवलं.

आल्बीतला रेनेस यांचा वाडा याच पैशाचा. १६व्या शतकातल्या या पास्तेल व्यापाऱ्याच्या घराच्या चौकात विटेच्या भिंतीवर कोरीव दगडाच्या चौकटी आहेत. दगड महाग, म्हणून तो दाखवायच्या जागी. सेंट साल्व्हीच्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर उलट हिशेब दिसतो. खालचे मजले पांढऱ्या दगडाचे, वरचा विटेचा. कुठल्या शतकात काय परवडत होतं ते मजल्यांवरून वाचता येतं.

मग भारतातून नीळ आली. रंगद्रव्य तेच, पण भारतीय नीळ कितीतरी जोरकस. पोर्तुगीज गलबतं गुजरातची नीळ गोव्यावरून लिस्बनला नेऊ लागली, मागून डच आणि इंग्रज आले. इकडे १५६२ साली फ्रान्समध्ये धर्मयुद्धं पेटली आणि पास्तेलचे भाव कोसळले. चौथ्या हेन्रीनं १६०९ साली परदेशी नीळ वापरणाऱ्याला देहदंड फर्मावला. त्यानं काही झालं नाही. आपल्या देशातल्या निळीच्या मळ्यांनी पुढे आपल्याच शेतकऱ्यांचं काय केलं ते आपण जाणतो. पण त्या निळीनं फ्रान्समधल्या एका सबंध टापूची चूल विझवली, हे मला आल्बीत येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

पूल

जुना पूल १०४०च्या आसपासचा. १५० मीटरच्या थोडा वर लांब, आठ कमानींचा. मूळ बांधणी दगडाची, नंतर तिला विटेचं अस्तर दिलं. दोन कमानी सारख्या नाहीत आणि नदीच्या मधोमधचे खांब प्रवाहाकडे टोकदार आहेत, म्हणजे पुराचं पाणी आणि ओंडके दोन्हीकडे फाटावेत. कधीकाळी त्यावर दरवाजे होते, उचलता पूल होता आणि दोन्ही बाजूंनी घरं होती. माल आणि जनावर पलीकडे नेणाऱ्याला जकात भरावी लागे. १७६६च्या पुरानंतर घरं गेली. पूल अजून वापरात आहे. मोठ्या गाड्यांचं ओझं वरच्या अंगाच्या नव्या पुलानं घेतलं. त्याला २२ ऑगस्ट १९४४ ही तारीखच नाव म्हणून दिली आहे. त्या दिवशी माघार घेणाऱ्या जर्मनांशी इथे चकमक झाली होती.

वाड्यात कोण राहायला आलं

बिशपांच्या वाड्यात आज आंरी द तुलूज-लोत्रेकची चित्रं आहेत. तो आल्बीचाच, १८६४ सालचा, मोठ्या सरदार घराण्यातला. आईवडील एकमेकांची सख्खी मावसभावंडं. हाडं जन्मतः ठिसूळ. १३-१४व्या वर्षी एकामागून एक दोन्ही मांड्या मोडल्या आणि पाय तिथेच वाढायचे थांबले. पुढे पॅरिसच्या नाचघरांत आणि वेश्यागृहांत त्यानं जे पाहिलं ते रंगवलं. १९०१ साली तो गेला तेव्हा पॅरिसच्या संग्रहालयांना ही चित्रं नकोशी होती. आईनं आणि मित्रानं ती गावाला दिली, आणि १९२२ साली बिशपांच्या दालनांत त्यांची मांडणी झाली. एक हजारावर चित्रं, रेखाटनं आणि पोस्टरं. जिथे कास्ताने चौकशीचे कागद वाचत बसे, त्या वाड्यात आता पॅरिसच्या मूलाँ रस्त्यावरच्या कोठ्यातल्या बाया दिवाणांवर कंटाळून बसल्या आहेत. लोत्रेकनं त्यांच्यावर कुठलाच निकाल दिलेला नाही.

गावानं आणखी एका बंडखोरीला जागा दिली. १८९५ साली जवळच्या कार्मोमध्ये काचकारखान्याच्या मालकानं संपकरी कामगारांना कामावर घ्यायचं नाकारलं. आल्बीच्या शाळेत कधी काळी तत्त्वज्ञान शिकवलेला समाजवादी नेता जाँ जोरेस त्यांच्या बाजूनं उभा राहिला, आणि १८९६ साली कामगारांच्याच मालकीचा काचकारखाना आल्बीत निघाला. मालकी नंतर बदलली. दारूच्या बाटल्या मात्र तिथे अजून होतात.

शनिवारचा बाजार

आल्बीचं आजचं रूप पाहायचं तर शनिवारी सकाळी कॅथिड्रलच्या मागच्या लोखंडी छताच्या मंडईत जावं. लोत्रेक गावचा गुलाबी लसूण वेण्या घालून टांगलेला. मुळ्यासोबत खायची खारवलेली डुकराची कलेजी. कडबोळ्याच्या आकाराची जिंब्लेत नावाची बिस्किटं. गायाकची वाइन. विक्रेते वजनाला चार दाणे वर टाकतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी गप्पा सुरू करतात. कॅथिड्रलकडे मान वर करून पाहणारे फक्त बाहेरगावचे.

तुलूजच्या विमान कारखान्यांत आणि विद्यापीठांत मराठी मुलंमुली बरीच आहेत. सुट्टीच्या दिवशी ती बार्सिलोनाला नाहीतर पॅरिसला पळतात. त्यांना माझी विनंती आहे, एक शनिवार आल्बीसाठी ठेवा. सकाळची गाडी पकडा, कारण मंडई दुपारी आवरते. कॅथिड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, दगडी पडद्याच्या आतल्या भागाला तेवढं तिकीट आहे, ते काढाच. नरकाचं चित्र डोळ्यांच्या उंचीवर आहे, पण छत ३० मीटर वर आहे. त्यासाठी दुर्बीण बरोबर न्या.